अर्ध्या दाढीचा खटला

आमच्या गल्लीत एक गोष्ट छातीवर हात ठेवून सांगितली जायची: गप्पकाका आपली काळी पेटी घेऊन ज्या घराचा जिना चढले, त्या घरातून आठ दिवसांच्या आत एक माणूस आडवा होऊन खाली उतरतो.

ही गोष्ट सांगताना माझी आत्या आवाज बारीक करायची. बारीक म्हणजे तिच्या मते बारीक. समोरच्या तिसऱ्या मजल्यावरची खिडकी उघडायची.

"परवा त्या शिंप्याकडे गेला होता मेला. मी इथूनच क्रुसाची खूण केली. म्हटलं, सुटला बिचारा शिंपी."

"मग सुटला का?"

"सुटेल की. तुला कसली घाई?"

गोष्ट खोटी आहे. मी मोजून बघितलं. उन्हाळ्यापासून ऑक्टोबरपर्यंत गप्पकाका अकरा घरी पेटी घेऊन गेले. त्यातले दोघे वारले, तेही आठ दिवसांत नाही. जो लवकर गेला त्यालाही तेवीस दिवस लागले. सात जण अजून अंथरुणाला खिळून होते. उरलेले दोघे उठून बसले, आणि त्यातला एक म्हणजे हा शिंपी. तो आता रोज सकाळी कोपऱ्यावर उभा राहून पेपरवाल्याशी भांडतो. खरी गोष्ट इतकीच की त्यांच्या दाढीच्या दुकानापर्यंत चालत येऊ शकत नाही अशाच माणसाच्या घरी काका जायचे. आगीचा बंब जिथे जातो तिथे आग असतेच, पण आग बंबाने लावली असं कुणी म्हणत नाही. आत्या म्हणते.

हे मी चांगुलपणाने मोजलं नव्हतं. मला तो माणूस पकडायचा होता, आणि तेही चर्चच्या हुकमाने.

त्याचं असं झालं. नोव्हेंबरच्या एक तारखेला सर्व संतांचा सण. त्याच्या महिनाभर आधी फादर मिस्सेनंतर, म्हणजे रविवारच्या उपासनेनंतर, माइकसमोर आले. आमचे फादर प्रत्येक वाक्य 'आता बघा'ने उघडतात आणि शेवटचा शब्द गिळतात.

"आता बघा, कॅलेंडरात ज्यांची नावं आहेत त्या संतांची सोय झालेली आहे. त्यांना पुतळा आहे, मेणबत्ती आहे, तारीख आहे. पण हा सण त्यांच्या एकट्यांचा ना... आता बघा, ज्यांचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही असे किती असतील! एखादा तुमच्याच बाकावर बसला असे... बाजूला बघू नका, तो नसेल."

मग योजना सांगितली. दाराशी एक पेटी. आपल्यातलं कुणी, ज्याच्या हातून देवाचं काम होताना आपण स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, त्याच्याबद्दल चिठ्ठी टाकायची. ऐकीव चालणार नाही. त्यातली चार नावं सणाच्या दिवशी वेदीवरून वाचायची. "संत ठरवायचा अधिकार मला नाही, आमच्या बिशपांनाही नाही. आपण फक्त आभार मानणा..."

हेच भाषण मी संध्याकाळी चर्चमागच्या खोलीत, फुलदाण्या धुता धुता, दोन मैत्रिणींना करून दाखवत होते. त्या हसायच्या अचानक थांबल्या. मागे फादर उभे होते.

"आता बघा," ते म्हणाले, "पूर्वी कुणाला संत ठरवायचं असलं की एक माणूस मुद्दाम विरोधात बोलायला नेमायचे. लोक त्याला सैतानाचा वकील म्हणायचे. आमच्या समितीला असा एक हवाच आहे. माणसातली खोड तुला बरोबर सापडते, नाही का?"

समिती म्हणजे फादर, माझी आत्या आणि आत्याची मैत्रीण, जी आत्या बोलली की "अगदी माझ्या मनातलं" एवढंच म्हणते.

पेटीत एकतीस चिठ्ठ्या निघाल्या. चौदा जणांनी आपापल्या आईचं नाव दिलं होतं. दोघांनी स्वतःचं. आणि सात चिठ्ठ्या गप्पकाकांच्या नावाने होत्या. सातही जांभळ्या शाईत, सातही एकाच अक्षरात. 'रविवारी येतात. तोंड स्वच्छ करून देतात.' 'आधी हात गरम करतात, मग गालाला लावतात.' 'बोलत नाहीत, त्यामुळे बरं वाटतं.'

"स्वतःच लिहिल्यात मेल्याने," आत्या म्हणाली. "निदान शाई तरी बदलायची."

"अगदी माझ्या मनातलं," मैत्रीण म्हणाली.

फादरांनी चिठ्ठ्या माझ्याकडे सरकवल्या. "वकीलबाई, तुमचं गिऱ्हाईक."

मला आनंद झाला, कारण या माणसावर माझा आधीपासून राग होता. त्याची नक्कल करता येत नाही. दुकान दोन खुर्च्यांचं. एकीवर गिऱ्हाईक, दुसरीवर वर्तमानपत्रांचा ढीग. भिंतीला वस्तरा परजायचा पट्टा, कपाटात तुरटीचा खडा, साबणाची वाटी. आणि मधोमध हा उंच, किंचित वाकलेला, कोरड्या हातांचा माणूस, जो दिवसभरात चारच गोष्टी बोलतो: "बसा." "मान वर." "आवंढा गिळू नका." "झालं." गिऱ्हाईक बोलायला लागलं की वस्तरा हवेत थांबतो आणि ते गप्प होईपर्यंत तिथेच राहतो. म्हणून गप्पकाका. मी घरी त्यांचं "आवंढा गिळू नका" करून दाखवलं तर बाबांना वाटलं, दंतवैद्य.

"न बोलणारा न्हावी कधी बघितलायस?" आत्या म्हणायची. "पोटात काहीतरी असल्याशिवाय माणूस तोंड इतकं घट्ट मिटत नाही."

या बाबतीत माझं आणि आत्याचं पहिल्यांदाच एकमत झालं.

शिवाय एक गोष्ट मी पूर्वीच टिपून ठेवली होती. दर रविवारी काका शेवटच्या खांबाला टेकून उभे राहायचे, ख्रिस्तप्रसाद घ्यायचे, आणि फादरांनी शेवटचा आशीर्वाद द्यायच्या आत दारातून पसार व्हायचे. दर रविवारी. आशीर्वादाला भिणारा माणूस! पुढच्या रविवारी मी आत्याला म्हटलं, पोटात कळ येतेय, आणि त्यांच्या मागे निघाले.

ते चालत नव्हते, जवळजवळ पळत होते. पेटी मांडीवर आपटत होती. दोन गल्ल्या ओलांडून ते एका जुन्या इमारतीत शिरले आणि चौथ्या मजल्यावर चढले. मी मागोमाग. दार उघडंच होतं. दारात बँडमास्तरांची थोरली मुलगी उभी होती, हातात गरम पाण्याचं भांडं.

"तू कोण गं? चर्चकडून आलीस?"

"हो," मी म्हटलं. ते खोटं नव्हतं.

बँडमास्तर म्हणजे शहराच्या बँडचे मास्तर, निवृत्त. भिंतीवर गणवेशातला फोटो होता. हनुवटी अशी गुळगुळीत की तिच्यात कॅमेरावाला दिसावा. त्या फोटोतला माणूस आता पलंगावर अर्धा उरला होता. आवाज मात्र हुकमाचा.

"ब्रश वरून खाली! ताल सोडू नकोस!"

काकांनी ताल सोडला नाही. फेस लावला, हात पाण्यात गरम केला, पाठीमागे उशी दिली, आणि डावा गाल केला, मिशीची डावी अर्धी जागा केली, हनुवटी बरोबर मध्यापर्यंत केली. पट्टीने रेघ मारल्यासारखी. मग उजव्या गालावरचा फेस पुसून टाकला, डाव्या गालावर तुरटी फिरवली आणि पेटी बंद केली.

"उद्या," काका म्हणाले.

हा पाचवा शब्द मी तिथे पहिल्यांदा ऐकला.

"उद्या? उद्या काय, उद्या? अरे चोरा, आज रविवार! देव यायचाय माझ्या घरी, आणि मी असा? एका बाजूने नवरा मुलगा, दुसऱ्या बाजूने साळिंदर?"

तेवढ्यात धापा टाकत टपालबाई वर आल्या. या पूर्वी टपाल कार्यालयात होत्या. आता रविवारी मिस्सेनंतर आजाऱ्यांच्या घरोघरी ख्रिस्तप्रसाद, म्हणजे आमच्यासाठी साक्षात देव, घेऊन जातात. गळ्यातली त्याची छोटी डबी त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती. पलंगाकडे बघून त्या थबकल्या.

"अहो, हे काय! ख्रिस्तप्रसादाला असं अर्धवट तोंड?"

"देवाला दुसरी बाजू माहीत आहे," काका म्हणाले, आणि गुडघे टेकले.

बँडमास्तरांनी डोळे मिटून तोंड उघडलं तेव्हा सगळ्यांनी माना झुकवल्या, मीपण. पण 'आमेन' म्हटल्यावर त्यांनी पहिला डोळा उघडला तो काकांकडे रागाने बघायला.

जिन्यात मी टपालबाईंना गाठलं. "बाई, त्या जांभळ्या चिठ्ठ्या..."

"मी लिहिल्या. का? सात जण झोपून आहेत, साती जणांचे हात थरथरतात. ते बोलले, मी उतरवलं. आयुष्यभर लोकांच्या तारा लिहिल्या, सात चिठ्ठ्या काय जड आहेत? आणि शाईचं म्हणशील तर ती बाटली संपता संपत नाही."

"आणि काका आशीर्वादाच्या आधी पळतात ते?"

"मी चालते गोगलगायीसारखी. तो पुढे पळतो. देव घरात यायच्या आधी माणसाचं तोंड धुतलेलं असावं म्हणून." मग त्यांनीच कपाळाला आठी घातली. "पण मास्तरांचं आज तिसऱ्यांदा असं अर्धं बघतेय. ते काही मला पटलेलं नाही."

दोन आरोप एका जिन्यावर कोसळले, पण तिसरा उभा राहिला आणि तोच सर्वांत तगडा होता. आजारी, थकलेल्या माणसाला मुद्दाम चिडवायचं, विद्रूप करून ठेवायचं आणि निघून जायचं. हे कुठल्या देवाचं काम?

परत वर जाऊन थोरलीला विचारलं तर ती दार ओढून घेत हळूच म्हणाली, "डॉक्टर म्हणतात मंगळवार. फार तर बुधवार."

आणि मग बाकीचं सांगितलं. तिला एक धाकटा भाऊ आहे, मालवाहू जहाजावर काम करतो. नऊ वर्षांपूर्वी त्यांची आई गेली तेव्हा तो भर समुद्रात होता. आला तेव्हा माती होऊन सोळा दिवस झाले होते. बँडमास्तरांनी त्याला जिन्यातूनच परत पाठवलं होतं. "पुन्हा माझा जिना चढू नकोस." त्यानंतर तो चढला नाही. आता म्हातारा झोपेतही एकच म्हणत होता, मला ते शब्द परत घ्यायचेत. निरोप नको, पत्र नको. त्याच्या तोंडावर परत घ्यायचेत.

"जहाज बुधवारी धक्क्याला लागतं," थोरली म्हणाली. "यायचं ठरवलं तर गुरुवारी दुपारी पोचेल."

"ठरवलं तर?"

तिने माझ्यासमोरच फोन लावला, आवाज मोठा करून. ती बरंच बोलली. पलीकडून थोडी खरखर आली, आणि मग: "हं. बघतो."

आता 'बघतो'च्या बाबतीत मला कुणी शिकवू नये. नळ दुरुस्त करणारा म्हणतो तो 'बघतो' म्हणजे पुढच्या महिन्यात. बाबा सायकलबद्दल म्हणतात तो 'बघतो' म्हणजे कधीच नाही. हा बाबांचा 'बघतो' होता. तसाच सपाट, तसाच घाईत मिटलेला.

सोमवारी शाळा सुटल्यावर मी थेट दुकानात गेले आणि वर्तमानपत्रांच्या ढिगावर बसले.

"काका, अर्धी दाढी का?"

ते कात्री पुसत होते. पुसत राहिले.

"मला विरोधात नेमलंय," मी म्हटलं. "तुमच्या नावाने सात चिठ्ठ्या आल्यात. वेदीवरून वाचणार आहेत."

कात्री थांबली. मी या माणसाला पहिल्यांदाच घाबरलेलं बघितलं. "काय वाचणार?"

"नाव. आणि काम."

त्यांनी दुकानाचं दार लावून घेतलं. मला वाटलं, आता पकडला गेला. आणि मग ते बोलले. शब्द असे एकेक बाहेर येत होते, जणू चिमट्याने काढतायत.

"एक गवंडी होता. अंथरुणाला खिळलेला. अर्धी झाली आणि वस्तरा पडला. टवका उडाला. दुसरा दुकानात. म्हटलं, उद्या करतो. दारात डॉक्टर म्हणाले, उद्या कशाला, आजच्यापुरताच आहे तो. सकाळी गेलो. जागा होता. माझी वाट बघत. काय काय शिव्या दिल्या. म्हणाला, अशा तोंडाने मरू का रे मी? दुपारी त्याची बहीण पोचली. भेटली. मग उरलेली केली."

"मग?"

"मग झालं."

"म्हणजे तेव्हापासून तुम्ही मुद्दाम..."

"कुणी यायचं असेल तरच. कुणी यायचं नसेल तर पूर्ण करतो. उगाच कशाला अडकवायचं माणसाला?"

"आणि रोज अर्धी कशी उरते?"

"एक बाजू केली की दुसरी उगवते. दाढीचं तेवढं बरं आहे."

मी वकील होते. माझा एवढ्यावर विश्वास बसायचा नव्हता. "आणि नाही चाललं तर?"

त्यांनी आरशावरचा साबणाचा डाग पुसला. "दोघांचं नाही चाललं. अर्धेच गेले. उरलेली मी नंतर केली. गार झाल्यावर. तुझ्या फादरना म्हणावं, त्या दोघांना विचारा, माझं नाव वाचायचं का ते." मग, जरा थांबून, "आणि माइकवर सांगितलंत की सगळ्यांना कळणार. पुढच्याची अर्धी ठेवली की तो विचारेल, म्हणजे मी चाललोय का? कोण येतंय? मग रागावणार कोण माझ्यावर? नाव काढ माझं त्यातून."

हे सगळं मी आज लिहू शकते, कारण काकांचे डोळे आता वस्तऱ्याला पुरत नाहीत, काळी पेटी कपाटावर गेली आहे, आणि लिहायच्या आधी मी त्यांना विचारलं. ते "हं" म्हणाले.

पण त्या सोमवारी मला कीव आली नाही, संशयच आला. म्हाताऱ्याला साळिंदर करून ठेवायचं, आणि ज्याच्यासाठी ठेवायचं तो येणारच नाहीये!

"धाकटा येत नाही, काका. मी त्याचा आवाज ऐकलाय."

"येईल."

"माझा कान चुकत नाही."

"येईल."

"लावता पैज?"

त्यांनी वस्तरा पट्ट्यावर दोनदा ओढला. "आला तर माझं नाव यादीतून काढायचं. तू. नीट बोलून."

"आणि नाही आला तर सणाच्या दिवशी पहिल्या बाकावर बसायचं. नाव वाचताना. शेवटच्या आशीर्वादापर्यंत."

त्यांनी आवंढा गिळला. "बरं."

सोमवारी संध्याकाळी उजवी बाजू झाली. मंगळवारी डावी. मी रोज हजर, म्हणजे पुरावा गोळा करायला. बँडमास्तर मला "काय गं, हेर" म्हणायला लागले होते. मंगळवारी त्यांनी काकांना गाढव, लुटारू आणि ढोल फोडणारा अशा तीन पदव्या दिल्या.

बुधवारी एकही दिली नाही. बुधवारी ते बोललेच नाहीत. डॉक्टर आले, नाडीवर बोटं ठेवून थोरलीकडे बघत राहिले, आणि जाताना नुसती मान हलवली. काकांनी फेस केला, हात गरम केला, आणि मग वस्तरा हवेत थांबला. गिऱ्हाईक बोलत नसतानाही थांबला. शेवटी त्यांनी कानाजवळची दोन बोटं रुंद पट्टी तेवढी केली आणि पेटी मिटली.

"उद्या," ते म्हणाले, कानाशी वाकून, थोडं मोठ्याने.

काही नाही. थोरलीने पदर तोंडाशी नेला. मग पलंगावरचा एक डोळा उघडला.

"हरामखोर," बँडमास्तर म्हणाले. अगदी स्पष्ट.

थोरली रडता रडता हसली. आणि मला बुधवारी दुपारी पैज हरायची फार इच्छा झाली, ही गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. वकिलाला शोभत नाही.

गुरुवारी शाळेतून मी पोट धरून निघाले. माझ्या पोटाने त्या महिन्यात खूप सोसलं. काका सकाळपासून पलंगाशेजारच्या स्टुलावर बसून होते, पेटी मांडीवर, दुकान बंद ठेवून. बारा वाजले. साडेबारा वाजले. मी दारात उभी होते आणि माझा कान जिन्यात होता. पावलं आली, दुसऱ्या मजल्यावर थांबली, एक दार वाजलं. दूधवाला. पुन्हा पावलं आली. दुसरा मजला गेला, तिसरा गेला. जड पावलं, दर पायरीला काहीतरी घासत येणारं.

माझ्या आधी बँडमास्तरांनी ऐकलं. "हा डावा पाय उशिरा टाकतो," ते पुटपुटले. "लहानपणापासून. कधी तालात चाललाच नाही." आणि मग एकदम हाताने चाचपडत गाल धरला. "थांबवा त्याला! बाहेर! मी असा दिसणार नाही त्याला. अरे गाढवा, बघत काय बसलायस, उरलेली कर!"

नऊ वर्षांनी जिना चढून आलेल्या त्या माणसाला मी दारात हात आडवा करून थांबवलं. खांद्यावर कॅनव्हासची पिशवी, चार दिवसांची दाढी.

"बाबा?" त्याने विचारलं, आणि पुढचं विचारता येईना.

"आहेत. तयार होतायत. बसा."

तो पायरीवर बसला. आतून वस्तऱ्याची खरखर येत होती, एका लयीत. मला राहवलं नाही. "फोनवर तुम्ही 'बघतो' म्हणालात ना..."

"कॅप्टन शेजारी उभा होता," तो म्हणाला. "रजा मिळायची होती. त्याच्यासमोर काय बोलणार? बोललो असतो तर रडलो असतो."

अकरा मिनिटं. मी माझ्या घड्याळात बघितली. बाप आत, मुलगा बाहेर, मध्ये एक उघडं दार, आणि कुणी हाक मारेना. काका घाई करत नव्हते. नऊ वर्षांत पहिल्यांदाच मुलगा दाराशी आला होता, आणि हा माणूस मास्तरांच्या हनुवटीचा खळगा पुन्हा एकदा पाहून घेत होता!

मग त्या घरात मी पहिल्यांदा ऐकलं: "झालं."

धाकटा आत गेला. बँडमास्तर उशीला टेकून, हनुवटी वर करून, भिंतीवरच्या फोटोसारखे बसले होते.

"वाळलास," ते म्हणाले.

"तुम्हीपण."

"जिना चढू नकोस म्हणालो होतो."

"हो."

"ते रद्द. जेवलास का?"

थोरली स्वयंपाकघरात पळाली. मी आणि काका जिन्यात आलो. पुढे बँडमास्तर आणखी नऊ दिवस होते. त्या नऊ दिवसांत दाढी धाकट्याने केली, आणि फार वाईट केली. दोन ठिकाणी कापलं. म्हातारा ओरडला नाही म्हणे.

जिन्यात काका पेटीचा पट्टा घट्ट करत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही.

"शुक्रवारी ना समिती?" ते म्हणाले. "नीट बोल."

शुक्रवारी मी नीट बोलले. एक अक्षर खोटं बोलले नाही. हा माणूस मिस्सा पुरी व्हायच्या आत निघून जातो. हातात घेतलेलं काम अर्ध्यावर सोडतो. अंथरुणावरच्या माणसाला इतका संताप आणतो की तो पवित्र ख्रिस्तप्रसाद यायच्या तोंडावर शिवी देतो. कारण विचारलं तर दार लावून घेतो. आणि त्याच्या हाताखालून दोन माणसं अर्ध्या तोंडाने देवाकडे गेलेली आहेत, हे त्याने स्वतः कबूल केलंय.

आत्याचा चेहरा दिवाळखोराला वारसा मिळावा तसा उजळला. "मी म्हटलं नव्हतं!"

"अगदी माझ्या मनातलं," मैत्रीण म्हणाली.

फादरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "आता बघा, वकीलबाई. तुम्ही पाच दिवस त्यांच्या मागे होतात. बाजूने बोलण्यासारखं काहीच सापडलं नाही?"

"बाजूने बोलायला मला नेमलेलं नाही, फादर."

"तसं नाही. तू. तुला काय वाटलं?"

माझ्या जिभेवर सगळंच होतं. गवंडी होता, त्याची बहीण होती, पायरीवरची अकरा मिनिटं होती. "त्यांचं नाव काढा," मी म्हणाले.

फादर माझ्याकडे इतका वेळ बघत राहिले की मला वाटलं, आता हे पैज लावायला लागतील. मग त्यांनी सात जांभळ्या चिठ्ठ्या बाजूला सरकवल्या. यादीत एक जागा रिकामी झाली आणि तिथे आत्याच्या मैत्रिणीच्या आईचं नाव गेलं, जिने हयातभर कुणाला पाण्याचा पेला दिल्याचं गल्लीत कुणाला आठवत नाही. मी बोलू शकत नव्हते. पैज हरलं की हे असं होतं.